७८व्या वर्षी सासूबाई खणखणीत, ५२व्या वर्षी मी थकलेली

वाचक ताईंचं पत्र:

"डॉक्टर ताई, नमस्कार. माझं वय ५२. अमळनेर तालुक्यात आमचं गाव आहे. घरी मी, हे, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा धाकटा मुलगा. पहाटे ५ ला उठते. मुलाचा डबा, घरातलं, मग १० ला स्कूटीवर शेतात. संध्याकाळी सासूबाईंना ७ च्या आत जेवायला लागतं, त्यांचं पान करते. शेताची लाइट बरेचदा रात्रीची असते, पिकाला पाणी देऊन यांना यायला साडेदहा होतात. त्यांना वाढून मग मी जेवते. तोवर टीव्ही नाहीतर मोबाईल.

चार वर्षांपूर्वी पाळी गेली. तेव्हापासून रात्री दोनला जाग येते, अंग घामाने भिजलेलं असतं. सकाळी उठतानाच अंग जड वाटतं. खाली बसलं की उठताना हात टेकावा लागतो. वजन ५६ होतं, आता ६८ आहे, आणि खाते तर किती कमी! सोमवार, चतुर्थी, एकादशी धरते. चहा मात्र सहा वेळा होतो, दोन चमचे साखरेचा. मशेरी लावते, हे कोणाला सांगितलेलं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार दिवस माहेरी गेले तेव्हा इतकी गाढ झोप लागायची की आईला हाक मारून उठवावं लागायचं.

सासूबाई म्हणतात, 'आते वय व्हयनं.' त्या ७८ च्या. रोज देवळापर्यंत चालत जातात, मांडी घालून जेवतात. मग सांगा, वय त्यांचं झालं की माझं?"

ताई,

तुमच्या पत्रातली आखाजीची ओळ मी तीनदा वाचली. त्या चार दिवसांत तुमचं वय काही कमी झालं नव्हतं. गुडघे तेच होते, शरीर तेच होतं. फरक एवढाच पडला की संध्याकाळी कोणीतरी तुमच्यापुढे गरम ताट ठेवलं, नऊच्या सुमारास अंथरूण पडलं आणि पहाटे डब्याची घाई नव्हती. दुपारी झोक्यावर बसला असाल, गौराईची गाणी म्हटली असतील. एवढ्यावर झोप परत आली. माझ्यासाठी हा रक्ताच्या रिपोर्टइतकाच पक्का पुरावा आहे. तुमच्या थकव्यात वयाचा वाटा आहे, पण त्याहून मोठा वाटा तुमचा दिवस कसा जातो याचा आहे. दोन्ही वेगळे काढून बघू.

आधी वयाचं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, तुमची ४८ ला गेली, त्यात काही वावगं नाही. पाळी जाते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम उतरतं. रात्रीचा घाम आणि दोनला येणारी जाग त्याचीच. पोटावर चरबी साचायला लागते, हाडं पहिल्या काही वर्षांत भराभर विरळ होतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही वर सरकतं. दुसरीकडे स्नायू तिशीनंतरच दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्क्यांनी घटत असतात. स्नायू म्हणजे पैलवानाचे दंड नव्हेत. जमिनीवरून हात न टेकता उठवते ती मांडीची ताकद म्हणजे स्नायू. ती तुमची कमी झाली आहे.

पण हे निमूट सोसायचं असतं, असं मात्र मुळीच समजू नका. घाम फार त्रास देत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, त्यावर औषधं आहेत, तुमची तपासणी करून ती देता येतात. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा कधी थेंबभरही रक्त दिसलं, तर "उष्णता झाली असेल" म्हणून घरी बसायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

आता सासूबाईंचं. त्यांच्याकडे बघून तुम्हाला वाटतं, जुनं हाड पक्कं. थोडं खरं आहे. पण त्यांच्या बरोबरीच्या, त्यांच्याच साली लग्न होऊन गावात आलेल्या किती जणी आज ओट्यावर गप्पा मारायला येतात, ते मोजून बघा. ज्या गेल्या त्यांच्याशी आपण स्वतःची तुलना करत नाही, जी उरली तिच्याशीच करतो. सासूबाई नशीबवान आहेत, आणि त्यांच्या सवयीही चांगल्या आहेत. त्या खाली बसतात आणि उठतात, दिवसातून निदान दहा-पंधरा वेळा. देवळापर्यंत चालतात. दुपारी आडव्या होतात. सात वाजता जेवतात. या वयाला जे करायला आम्ही डॉक्टर सांगतो, तेच त्या कोणी न सांगता करतात.

तरी एक गोष्ट मला स्पष्ट बोलली पाहिजे. त्यांचं सातचं जेवण तुमच्या हातचं असतं. त्यांची दुपारची झोप तुम्ही शेतात असता म्हणून होते. त्यांची तब्येत तुम्ही सांभाळली आहे, ताई, आणि त्याचं मोल मोठं आहे. फक्त ज्या चुलीवर ती सांभाळली गेली त्याच चुलीपाशी तुम्ही उपाशी उभ्या राहिलात.

माझी आईही शेवटी जेवायची. आमची पानं उठली की ती कढई जवळ ओढायची आणि कडेला लागलेली भाजी भाकरीच्या तुकड्याने पुसून खायची. आम्हा भावंडांना वाटायचं, आईला खरवडच आवडते. मी डॉक्टर झाल्यावर, तिचं हिमोग्लोबिन ८ वर आलेलं बघितल्यावर मला कळलं की कढईत दुसरं काही उरायचंच नाही. आजही दवाखान्यात कोणी ताई, माय आली की मी "काय जेवता?" असं विचारत नाही, "कोणाच्या नंतर जेवता?" असं विचारते. त्या एका उत्तरावरून निम्मं निदान होतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा: सात वाजता सासूबाईंचं पान वाढाल तेव्हा शेजारी दुसरं पान तुमचं वाढा. भाकरी तव्यावर गरम असते, वरण चुलीवर असतं, वेगळं काहीच करायचं नाही. यांचं जेवण झाकून ठेवा. ते आल्यावर गरम करून वाढा, जवळ बसा, बोला, पण तुमचं जेवण झालेलं असू द्या. गावात याला काही जणी नावं ठेवतील. ठेवू द्या. यजमानांना माझं हे पत्र वाचायला द्या. रात्री शेतातून अंधारात येणारा माणूस बायकोने उपाशी राहावं म्हणून येत नाही, हे मला माझ्या घरच्या शेतकरी माणसांवरून ठाऊक आहे. बऱ्याचदा कोणी विचारलेलंच नसतं.

साडेदहाला जेवून अकराला आडवं झालं की पोट भरलेलं, जळजळ, आणि रात्रीच्या वेळी शरीराला साखर हाताळणंही जड जातं. त्यात संध्याकाळचा शेवटचा चहा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. आठचा चहा रात्री एकपर्यंत अंगात असतो आणि दोनला घामाने जाग येते, मग झोप परत लागणार कशी? चार वाजल्यानंतर चहा बंद. मोबाईल उशापाशी नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजर हवा असेल तर साधं गजराचं घड्याळ आणा. आणि मुलाला विचारा, तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. पाळी गेल्यावर आणि वजन वाढल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, ते असेल तर वेगळी तपासणी लागते.

तुम्ही लिहिलंय, "खाते तर किती कमी!" मला खात्री आहे की तुम्ही खरं सांगताय. पण हिशेब करू. सहा चहा, दोन-दोन चमचे, म्हणजे बारा चमचे साखर. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम धरले तर रोज ५०-६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर चांगलं. त्यात उपासाचे दिवस. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. उपास सोडा असं मी कधीच सांगणार नाही, तो तुमचा आणि देवाचा विषय. त्या दिवशी भगर करा, शेंगदाण्याची आमटी करा, वाटीभर दही घ्या, एखादं केळं घ्या. देवाला चालतं आणि अंगालाही.

तुमच्या बांध्याच्या बाईला दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. उरलेल्या पातळ वरणाच्या पाण्यावर ती भरत नाहीत. आणि यासाठी बाहेरून डबे-पावडरी आणायची गरज नाही, आपल्या खान्देशच्या घरात उत्तर आहे. कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं ते काळपट पीठ. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो उडीद भरून काढतो, आणि उडदात जो कमी तो ज्वारी देते. आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण जोडी त्यांनी बरोबर लावली होती. आता कळणा पाहुणे आले की किंवा भरीत केलं की होतो. आठवड्यातून चार दिवस करा. सोबत घट्ट वरण, वाटीभर मठ (मटकी) किंवा मूग, ताक. चालत असेल तर अंडं: एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. एक जपायचं: बिबड्या, पापड, लोणचं, ठेचा, शेव, सगळं मिळून मीठ फार होतं. दिवसभराचं मीठ एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं. ठेचा खा, पण त्यात मीठ हात राखून घाला, आणि पापड रोज नको. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा, कारण चहामुळे भाजीभाकरीतलं लोह नीट अंगी लागत नाही.

आता मशेरी. ते लिहायला तुम्हाला किती जड गेलं असेल, मला कळतं. मी तुम्हाला एक शब्दही लागेल असं बोलणार नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दाताला लावली तरी निकोटीन रक्तात जातंच, ते तरतरी आणतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं आणि झोप पातळ करतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. उद्यापासून एकदम शून्य जमलं तर फार छान. नाही जमलं तर रात्रीची आधी सोडा, ती झोपेला सगळ्यात जास्त बाधते. सोडल्यावर पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं. ते उतरतं. तलफ आली की तोंडात बडीशेप, लवंग धरा, दात साध्या पेस्टने घासा. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तंबाखू सोडायला मदत करतात, कोणाला कळण्याचं कारण नाही. आरशात तोंड उघडून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड आधीसारखं मोठं उघडत नसेल, तर लगेच दाखवा.

गुडघ्यांचं तुम्ही नाव घेतलं नाहीत, उठताना हात टेकावा लागतो एवढंच लिहिलंत, पण मला काळजी त्यांचीच जास्त आहे. कारण "गुडघे दुखतात" म्हणून बायका खाली बसणं सोडतात, मग मांडीचा जोर आणखी जातो, मग गुडघे आणखी दुखतात. पूर्वी पाणी शेंदणं, जात्यावर दळणं, पाटा-वरवंटा, सारवण, सगळ्यात उठबस होती. आता मोटार आहे, मिक्सर आहे, गॅसचा ओटा आहे, स्कूटी आहे. काम कमी झालं असं कोणी म्हणू नये, तुमचे तास तेवढेच आहेत. पण हालचालीचं काम गेलं आणि उभं राहण्याचं आलं. ओट्यापाशी तीन तास उभं राहून पाय दुखतात, ताकद येत नाही.

एक करून बघा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर आडवे घ्या, आणि अर्ध्या मिनिटात हात न लावता किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, मुलाला मोजायला सांगा. साठी ओलांडलेल्या बाईलाही १२ वेळा जमायला हवं. तुमचे आठ-नऊ झाले तर घाबरू नका, तोच आकडा भिंतीवर कॅलेंडरवर लिहा. मग रोज सकाळी दूध तापेपर्यंत दहा वेळा बसा-उठा, संध्याकाळी पुन्हा दहा. सुरुवातीला हात लावला तरी चालेल. ओट्याला धरून टाचा वर-खाली पंधरा वेळा. दोन महिन्यांनी खुर्चीवरचा आकडा पुन्हा लिहा. वजनही हळूहळू उतरू द्या. वजन १ किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. म्हणजे तीन किलो उतरले तरी गुडघ्याला बारा किलोचा आराम.

चालणंही हवं, आठवड्याला सगळं मिळून दीडशे मिनिटं. मुलाने दहा हजार पावलांचं काही सांगितलं तर मनावर घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आणलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. तुम्ही सासूबाईंसोबत देवळात जा, त्यांच्या चालीने नको, तुमच्या चालीने. दम लागेल पण बोलता येईल इतपत. सध्याच्या दिवसात मात्र सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. आपल्याकडचा वैशाख ४४-४५ अंशांचा असतो, त्यात नऊला व्यायाम म्हणजे आजारपणाला बोलावणं.

याच उन्हाचं एक बोलते, जे बायका कोणालाच बोलून दाखवत नाहीत. शेतात आडोसा नाही म्हणून तुम्ही सकाळपासून पाणीच पीत नसणार. दुपारचं डोकं दुखणं, लघवीची जळजळ, पायात गोळे, अंग जड, यातलं बरंचसं त्या कोरड्या पोटाचं असतं. उठल्यावर दोन तांबे, निघण्याआधी एक, शेतात बाटली सोबत आणि घोट-घोट. आणि यजमानांना सांगून विहिरीच्या कडेला चार बांबू आणि गोणपाटाचा आडोसा करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सोबत निंदायला येणाऱ्या बायकाही दुवा देतील.

तपासण्या मात्र टाळू नका, कारण आखाजीचा पुरावा कितीही पक्का असला तरी आत काही लपलेलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. सरासरी साखर ५.७ टक्क्यांच्या खाली हवी. ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह, मधलं असेल तर उंबरठा, आणि उंबरठ्यावरून माघारी फिरता येतं. थायरॉइड मंद असेल तर वजन, थकवा, सूज सगळं त्याचंच निघू शकतं आणि सकाळच्या एका गोळीने ताळ्यावर येतं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर, रक्तदाब, आणि बायकांची तोंडाची, स्तनांची, गर्भाशयमुखाची तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्या वार सांगतील. बाकीच्या रक्ततपासण्या तालुक्याला होतील. तोवर स्वतःच्या मनाने कॅल्शियम, वेदनाशामक असं काही मेडिकलमधून आणून खाऊ नका. गुडघ्यासाठी रोज घेतलेली वेदनाशामकं मूत्रपिंडाला बाधतात, उन्हाळ्यात पाणी कमी असताना तर जास्तच.

हे सगळं एका आठवड्यात जमणार नाही, आणि जमवायची घाईही करू नका. क्रम लावायचा तर आधी सातचं पान, मग चारनंतरचा चहा, मग रात्रीची मशेरी, मग खुर्ची. चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत या, जिभेला कळणारही नाही.

पेरणीच्या आधी रिपोर्ट हातात आले की आकडे मला लिहून पाठवा, खुर्चीवरचाही. आणि सासूबाईंना आज संध्याकाळी सांगा, त्यांच्या शेजारी सरकून जागा करायला.

तुमची,
डॉक्टर ताई